अंगठ्याचा सांधा: तासून घ्यावा की जोडून टाकावा?

माझ्या उजव्या पायाचा अंगठा तासलेला आहे आणि डाव्याचा जोडलेला. दुखणं एकच, मधे अडीच वर्षांचं अंतर. त्यामुळे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, वर हाड वाढलंय आणि डॉक्टरांनी 'दोन पर्याय आहेत, विचार करून सांगा' म्हणून घरी पाठवलंय, असं कुणी भेटलं की ओळखीचे लोक त्याला माझ्याकडे धाडतात. दर वेळी तेच बोलून कंटाळा आला, म्हणून एकदा लिहून ठेवतो.

हे दुखणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. गाऊट असेल म्हणून युरिक ॲसिड तपासून झालं असेल, ते नॉर्मल आलं असेल, तरी शेजारच्या काकांनी डाळी बंद करायला लावल्या असतील. 'अंगठा वाकडा झालाय का?' असंही चार जणांनी विचारलं असेल. तो वाकडा नसतो. वाकतच नाही, हेच तर दुखणं. मोटरसायकलचा गियर अंगठ्याच्या पाठीने वर उचलताना ज्याच्या डोळ्यांत पाणी आलंय त्याला एक्स-रे न काढताही कळतं. तेव्हा थेट ऑपरेशननंतरच्या दिवसांवर येतो.

तासणं म्हणजे चायलेक्टॉमी. त्यात वाढलेलं हाड आणि त्याबरोबर सांध्याच्या गोल डोक्याचा वरचा पाव ते तिसरा हिस्सा काढून टाकतात. मग अंगठ्याला वर वाकायला जागा होते. सांधा राहतो, झीजही राहते. जोडणं म्हणजे फ्युजन. त्यात उरलीसुरली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) खरवडून दोन्ही हाडं एकमेकांना भिडवतात आणि प्लेट-स्क्रूने बांधून टाकतात. पुढे ती एकजीव होतात आणि सांधा नावाची गोष्ट उरत नाही. दुखायला जागाच ठेवत नाहीत म्हणा ना.

कुणाला काय, याचा एक ढोबळ नियम आहे. कफलिन आणि शुर्नास या दोन अमेरिकन डॉक्टरांनी २००३ साली या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या बहुतेक सर्जन मानतात. अंगठा अगदी टोकाला नेल्यावरच दुखत असेल तर तासून भागतं; मधल्या टप्प्यातही हलवला की कळ येत असेल, किंवा निम्म्याहून जास्त कूर्चा गेली असेल, तर जोडणं बरं. तुम्ही स्पष्टपणे एका बाजूला असाल तर पुढचं वाचून उपयोग नाही, डॉक्टरांचं ऐका. मी लिहितोय ते काठावरच्यांसाठी. माझा डावा पाय काठावरच होता.

पहिले पंधरा दिवस दोन्हीकडे सारखेच गेले. पाय वर. वर म्हणजे मोड्यावर नव्हे. आडवं पडून पायाखाली दोन उशा आणि एक लोड, छातीच्या वर जाईल इतका वर. तासातली पाच-दहा मिनिटं सोडली तर खाली आणायचा नाही. आणला की ठणका लागतो आणि बोटं जांभळी पडतात, मग माणूस आपोआप ऐकतो. घोट्याजवळ बधिर केलेलं असेल तर पहिली रात्र मजेत जाते आणि पहाटे फसगत होते. लिहून दिलेली गोळी बधिरपणा उतरायच्या आतच घ्या. पहिल्या वेळी मी 'दुखतच नाही तर कशाला' म्हणून ती तशीच ठेवली आणि पहाटे तीन वाजता अख्खं घर जागं केलं.

टाके निघाले आणि इथून वाटा फुटल्या.

उजव्या पायाला सपाट, कडक तळाची सॅन्डल दिली होती. तिच्यावर मी पहिल्या दिवसापासून संडासापर्यंत चालत गेलो. टाके निघाल्यावर एक नंबर मोठे स्पोर्ट्स शूज, तिसऱ्या आठवड्यात बँकेत कामावर हजर. गाडी चालवायला आणखी आठवडा थांबलो, कारण उजवा पाय ब्रेकचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंद गाडीत बसून ब्रेकवर पाय आपटून बघितला, कळ आली नाही, मग बाहेर काढली.

डाव्या पायाची सॅन्डल वेगळीच. टाचेखाली जाड ठोकळा, चवड्याखाली हवा. सहा आठवडे फक्त टाचेवर चालायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तो पाय दीड-दोन इंच उंच होतो आणि चौथ्या दिवशी कंबर बोलायला लागते. उजव्या पायात घरातला सगळ्यात जाड तळाचा बूट घालायचा, हा उपाय मला दहाव्या दिवशी सुचला. तुम्ही पहिल्याच दिवशी करा. घरात वॉकर, बाहेर कोपराची कुबडी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे पाठ होईपर्यंत जिना म्हणजे परीक्षाच. त्यात मी शहाणा, जुलैची तारीख घेतली होती. पायाला प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ, आणि एक्स-रेला जाताना रिक्षाच्या सीटवर आडवा पाय टाकून बाहेरच्या पावसाकडे बघत बसणं. डावा पाय क्लचचा, त्यामुळे गाडी दोन महिने बंद. बँकेतून रजाही तेवढीच.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, यात विचार कसला करायचा? इकडे तीन आठवडे, तिकडे दोन-अडीच महिने. पहिल्या वेळी मीही असाच हिशेब मांडला होता, आणि त्या वेळच्या माझ्या एक्स-रेसाठी तो चूकही नव्हता.

पण तासलेला अंगठा रोज वाकवावा लागतो. हे कागदावर एका ओळीत लिहिलेलं असतं, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. एका हाताने पाऊल धरायचं, दुसऱ्या हाताने अंगठा मुळापासून वर ढकलायचा, दुखायला लागलं की तिथून आणखी थोडा पुढे न्यायचा आणि दहा आकडे मोजायचे. दिवसातून चार वेळा. नाही केलं तर आत जखम भरताना सगळं चिकटतं आणि जी जागा करायला ऑपरेशन केलं तीच बुजून जाते. नीट चालायला अंगठा साधारण साठ अंश वर वाकावा लागतो. ऑपरेशनच्या टेबलावर तो सत्तर-ऐंशीपर्यंत नेलेला असतो, पण घरी आल्यावर त्यातलं निम्मं टिकलं तरी पुष्कळ, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि रोज सकाळी खाटेवर बसून ते निम्मं राखणं यात फरक आहे.

पहिले तीन महिने उत्साह होता. फिजिओथेरपिस्ट अंश मोजायची आणि मी वहीत लिहायचो. नंतर वही बंद झाली, पण मोजणं चालूच राहिलं. सिंहगड चढून आलो की दोन दिवस अंगठा आखडायचा. थंडीत आखडायचा. दोन दिवस व्यायाम चुकला की आखडायचा, किंवा आखडलाय असं मला वाटायचं; त्यातलं खरं काय, हे मला अजूनही सांगता येणार नाही. सकाळी जमिनीला पाय लावण्याआधी मी त्याचा अंदाज घ्यायचो. बायको चहा आणून विचारायची, "अहो, काय म्हणतोय आज?" घरात आजारी आजोबा असावेत तसा तो आमच्याकडे राहत होता. दुखणं पूर्वीच्या पाव हिश्श्यावर आलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो, आणि तेवढ्यासाठी ऑपरेशन वाया गेलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण 'झालो बरा' म्हणायचा दिवस काही उगवला नाही.

डावा अंगठा बोलायला लागला तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही पर्याय पुढे ठेवले, जरा तासण्याकडे झुकूनच. 'जोडा' म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं.

सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत दोन हाडांमधली रेघ पुसट झाली होती. अकराव्या आठवड्यात ते म्हणाले, "जुळलं." मी सवयीने विचारलं, आता व्यायाम कोणता? ते हसले. "सांधाच नाही, व्यायाम कशाचा करणार?" त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडलो आणि त्यानंतर डाव्या अंगठ्याचा विषय घरात निघालेला नाही. संध्याकाळची सूज मात्र आठ-नऊ महिने राहिली, तिला धरून बूट घ्यावे लागले.

आता जोडल्याने काय गेलं, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी बोलतोय. सूर्यनमस्कारात जिथे जिथे बोटं दुमडून चवडा टेकवायचा असतो तिथे डावा पाय आता तिरका ठेवावा लागतो. पंगतीतून उठताना एका पायाची बोटं रोवून उठायची सवय होती. आता उजव्याच पायावर उठतो. मांडी घालायला काही अडचण नाही, आणि टाचा टेकवून उकिडवं बसणाऱ्यांनाही नाही; टाचा उचलून बसणाऱ्यांना आहे. कोल्हापुरीच्या अंगठ्यात अंगठा सरकवायला सवय करावी लागली, कारण तो आता जरासाही खाली दबत नाही. पण याबाबत तासलेला काही फार चांगला वागला असं नाही: चिरा दोन्हींमध्ये वरूनच असतो आणि चपलेचा पट्टा नेमका व्रणावर घासतो. उजव्या पायाने चार महिने कोल्हापुरी नाकारली, डाव्याने सात. उंच टाचांच्या सॅन्डलची आवड असणाऱ्या बायकांनी मात्र जोडून घ्यायच्या आधी नीट बोलून घ्यावं. अंगठा ज्या कोनात बांधला त्याच कोनात जन्मभर राहतो. इंच-सव्वा इंचापलीकडे टाच गेली की तो साथ देत नाही.

त्या कोनावरच सगळं आहे. किंचित वर उचललेला, पण बुटाच्या छताला लागणार नाही इतकाच. खाली झुकला तर टोक जमिनीत रुततं. ऑपरेशन चालू असताना पायाखाली सपाट पाटी धरून हे बघतात म्हणे. म्हणून माझं मत असं, की हॉस्पिटल किती चकचकीत आहे यापेक्षा सर्जन पावलाची ऑपरेशनं नेहमी करतो का, ते विचारा. गुडघे बदलण्यात हात बसलेला माणूस अंगठ्यातही तितकाच सराईत असेल असं नाही.

आणखी एक. जोडलेलं हाड बहुतेकांचं जुळतं, दहात नऊपेक्षा जास्त जणांचं, पण सगळ्यांचं नाही. विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री चालू असेल तर धोका वाढतो. मधुमेह ताब्यात नसेल तरीही. ज्याला तंबाखू सुटणारच नाही त्याने, मला वाटतं, तासून घ्यावं. ज्याला दोन महिने रजा मिळणार नाही, ज्याच्या घरी करणारं कुणी नाही, त्यानेही. तासल्यावर पुढेमागे जोडता येतं. जोडलेलं पुन्हा सुटं करायचं म्हणजे सोपं काम नाही, आणि या एका मुद्द्यावर तासणाऱ्यांची बाजू खरंच भक्कम आहे. वय चाळिशीतलं असेल तर मीही कदाचित आधी तासूनच बघितलं असतं.

सांध्यात काहीतरी बसवायचा तिसरा पर्याय मी विचारला होता. जेलसारख्या पदार्थाची कार्टिव्हा नावाची गुटी अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाली, तिचा बराच गाजावाजा झाला आणि २०२४ मध्ये ती कंपनीनेच परत मागवली. ते वाचल्यावर मी त्या वाटेने पुढे गेलो नाही.

तुलना करायचीच तर एक दिवस सांगतो. गेल्या आषाढात माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चाललो, फक्त तेवढा एकच टप्पा. दिवेघाटाचा चढ हा खरं तर अंगठ्याच्या वाकण्याचाच चढ. बुटाचा तळ कडक आणि पुढून गोलसर उचललेला होता, त्यामुळे डावा पाय टाचेवरून सरळ पुढे लोळत गेला. झेंडेवाडीला विसाव्यासाठी बसलो तेव्हा बूट एकच काढला, उजवा, आणि अंगठा धरून दहा आकडे मोजले. शेजारचे वारकरी विचारत होते, काटा गेला का म्हणून.

उजव्याचा नवा एक्स-रे पुढच्या महिन्यात आहे. तो आता टोकाला न नेताही दुखायला लागलाय, म्हणजे डॉक्टर काय सांगणार याचा अंदाज आहे. जोडायचं म्हणाले तर फक्त दिवाळीनंतरची तारीख मागणार आहे. पिशवीवाली आंघोळ पावसाळ्यात पुन्हा नको.