'हाफ शीट'चा टिन, १०८चा तक्ता आणि चाळीस तुकडे

नाशिकमध्ये घरून केक करायला लागलेल्या मुलींच्या गळ्यात एक जोडी मारली जाते: 'हाफ शीट'चा टिन, म्हणजे केक भाजायचा मोठा आयताकृती ट्रे, आणि त्यासोबत मोबाइलवर येणारा सर्व्हिंगचा तक्ता, कुठला केक किती माणसांना पुरतो ते सांगणारा. दोन्ही केकच्या क्लासच्या फीमध्येच धरलेलं. तक्त्यात ठळक लिहिलेलं असतं, '१२×१८ म्हणजे १०८ माणसं'. हा आकडा खोटा नाही, गोम तिथेच आहे. त्याच्याखाली असायला हवी ती 'दोन लेअर, उंची ४ इंच, तुकडा १×२' ही ओळ मात्र गाळलेली असते.

सिडकोतल्या एका नवख्या केकवालीने याच तक्त्याच्या भरवशावर गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर शंभर माणसांचा वाढदिवसाचा केक दिला. एक टिन, एक लेअर, वर क्रीम. चाळीस ताटल्यांत केक संपला. उरलेल्यांसाठी यजमानांनी आइस्क्रीमचे कप मागवले आणि ते पैसे तिच्या बिलातून कापले.

आता हिशोब बघा. पार्टीत जो तुकडा दिला जातो तो २×२ इंचांचा, एका लेअरचा, म्हणजे साधारण २ इंच उंच. १२×१८ च्या केकचे असे सहा गुणिले नऊ, ५४ तुकडे पडतात. लग्नाच्या केकचा तुकडा १×२ चा असतो, पण तो ४ इंच उंच केकमधून निघतो, आणि त्याचेच १०८ होतात. दोन्ही तुकडे आठ घन इंचांचेच, एक बसका आणि एक उभा. म्हणजे १०८ माणसांना दुप्पट केक लागतो. एका लेअरचेच १×२ तुकडे पाडले तर प्रत्येकाच्या ताटलीत बोटभर पट्टी येते. माणसं ती उचलतात आणि दुसरी मागतात.

टिनची चोरी याहून बारीक आहे. स्टिकरवर १२×१८×२, पण पट्टी लावली तर हे माप बाहेरच्या दुमडलेल्या काठाचं निघतं. आत तळाला १०×१६, कडा तिरक्या, खोली दीडच इंच. तळाच्या मापाने केक सरळ कापला की २×२ चे पाच गुणिले आठ, बरोबर चाळीस. तिचा केक तिथेच संपला होता.

पट्टीवर वाद घालणारे दुकानदार भेटतात, पाण्यावर वाद घालता येत नाही. टिन सपाट ओट्यावर ठेवा आणि लीटरच्या बाटलीने काठोकाठ भरा. खरा १२×१८×२ सात लीटर पाणी घेतो. वरचा टिन सव्वाचार लीटरलाच सांडायला लागला. हेच पाणी पुढे बॅटरच्या अंदाजालाही कामी येतं: स्पंजसाठी टिन निम्मा ते दोन तृतीयांश भरायचा, म्हणजे सात लीटरच्या टिनला कमीत कमी साडेतीन लीटर बॅटर (केकचं पातळ मिश्रण). चार अंड्यांच्या रेसिपीत एवढा टिन भरत नाही, तळाला पापडासारखा थर येतो आणि कडा करपतात.

असा आखूड टिन खपतो कसा? कारण 'घरच्या ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) बसणारा हाफ शीट' म्हणून तो विकला जातो. पण काठ धरून तोही १८ इंचच, म्हणजे ४६ सेंटिमीटर. हवा फिरायला दोन्ही बाजूंना इंचभर जागा सोडली तर ओव्हन आतून ५१ सेंटिमीटर रुंद हवा. तीस-चाळीस लीटरच्या ओटीजीत ते शक्यच नाही. बेकरीचा फुल शीट ट्रे १८×२६, हाफ १३×१८, क्वार्टर ९×१३. नाव नुसतं 'हाफ' असलं तर विचारा, कशाचा अर्धा? ऑर्डर इंचांतच लिहून घ्या.

घरच्या ओव्हनवाल्यांसाठी सोपा मार्ग क्वार्टरचा. ९×१३ चे दोन केक १३ इंचांच्या बाजूने चिकटवले की १३×१८ होतो. सांध्याला पातळ क्रीम, वरून क्रम्ब कोट (चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पातळ थर), अर्धा तास फ्रीज, मग शेवटचा थर. सांधा दिसत नाही. दोन लेअरला असे चार केक भाजायचे. वरच्या लेअरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका, नाहीतर उचलताना केक मधोमध उघडतो. वरचे दोन केक खालच्यासारखे न ठेवता, एकाचे दोन तुकडे करून दुसऱ्या, न कापलेल्या केकच्या दोन्ही टोकांना लावले की सांधे आपोआप हुकतात.

कापणं हा आणखी एक गळका नळ. केटररचा पोऱ्या उलथण्याच्या रुंदीने तीन-तीन इंचांचे तुकडे उचलतो. १२×१८ मधून असे २४च निघतात. केकसोबत कापायचा नकाशा कागदावर काढून द्या आणि कडेच्या क्रीमवर दोन-दोन इंचांवर नोझलने ठिपके ठेवा. डिझाइनसारखे दिसतात, सुरीला वाटही दाखवतात.

नाशिकचं गिऱ्हाईक किलोत बोलतं, म्हणून वजनही माहीत हवं. दोन लेअरचा, ४ इंच उंचीचा १२×१८ क्रीमसकट सात किलोंच्या आगेमागे जातो, एका लेअरचा त्याच्या निम्मा. वजन बोर्ड वगळून सांगायचं. १४×२० चा एमडीएफ बोर्ड एकटाच अर्ध्या किलोच्या घरात असतो, आणि तो केकमध्ये मोजणाऱ्या केकवालीने टिनवाल्याला नावं ठेवू नयेत.

टिन घेताना बिलावर 'आतील तळाचे माप' आणि खोली लिहून मागा. भांडी बाजारात असा टिन हातात धरून पट्टी लावता येते. ऑनलाइन घेतला तर पार्सल उघडतानाच पट्टीसकट फोटो काढा. सिडकोच्या त्या प्रकरणात क्लासवाल्याने 'माप काठाचंच असतं' म्हणून हात वर केले होते. तिच्याकडे बिल नव्हतं, फक्त यूपीआयची नोंद आणि स्टिकरचा फोटो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर या दोन गोष्टींनिशी तक्रार नोंदवल्यावर टिनचे पैसे परत आले. आइस्क्रीमचे नाही.