वेबपी रूपांतराचा सात महिन्यांचा अनुभव: फाइली हलक्या झाल्या, पण लाल रेघेने छळलं

वनस्पतींची ओळख करून देणारी माझी साइट आहे. फुलांचे, पानांचे फोटो, भागांची नावं दाखवणाऱ्या आकृत्या, असं सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास चित्रं. सात महिन्यांपूर्वी एका प्लगिनने, म्हणजे साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामने, ती सगळी वेबपी या गूगलच्या हलक्या चित्रप्रकारात बदलून घेतली. आज लिहायला बसले ते होस्टिंगवाल्यांच्या मेलमुळे. तुमची जागा संपत आली आहे, वरचा प्लॅन घ्या.

जागा वाचावी म्हणून हा उद्योग केला आणि सात महिन्यांनी जागाच संपली! सपोर्टशी चार दिवस मेलामेली झाली. दर वेळी उत्तर तेच, प्लॅन वाढवा. जागा कशाने भरली ते कुणीही पाहिलं नाही. शेवटी फोल्डर उघडून मीच मोजलं. माझी साइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेसवर एक मोठा फोटो चढवला की मूळ फाइल, २५६० पिक्सेलची कापलेली प्रत आणि १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ अशा सहा लहान प्रती, म्हणजे आठ फाइली होतात. प्लगिनने या आठांपैकी प्रत्येकीची वेबपी जोडीला ठेवली आणि जुनी एकही काढली नाही. एका फोटोमागे सोळा फाइली. वाचकाला पान हलकं मिळतं, सर्व्हरवरचा बोजा मात्र वाढतो. प्लगिनच्या माहितीत हे ठळक लिहायला हवं होतं.

१५३६ आणि २०४८ च्या प्रती माझ्या साइटला लागतच नव्हत्या. त्या बंद केल्या, जुन्या पुसल्या, मूळ फोटो घरच्या डिस्कवर हलवले. प्लॅन वाढवावा लागला नाही. जागेचा विषय संपला.

माझं खरं दुखणं लाल रेघेचं आहे.

माझ्या आकृत्यांमध्ये फुलाच्या किंवा पानाच्या एकेका भागाकडे बारीक लाल रेघ जाते आणि रेघेच्या दुसऱ्या टोकाला त्या भागाचं नाव असतं. रूपांतरानंतर दोनेक महिन्यांनी एका विद्यार्थिनीने विचारलं, रेघ परागकोशावर टेकली आहे की त्याखालच्या तंतूवर? मला वाटलं तिचा स्क्रीन लहान असेल. मग तीच आकृती चौपट मोठी करून पाहिली. दोन पिक्सेल रुंद लाल रेघ हिरव्या देठावरून जाताना तपकिरी झाली होती, दोन्ही कडांना लालसर पसारा, आणि टोक तर हिरव्यात विरघळूनच गेलं होतं. शेजारचं काळं अक्षर मात्र चाकूने कापल्यासारखं स्वच्छ. ओळख पटवणाऱ्या साइटवर रेघेचं टोकच दिसत नसेल तर त्या आकृतीचा उपयोग काय?

कारण शोधताना बऱ्याच गोष्टी कळल्या. लॉसी वेबपी, म्हणजे थोडी माहिती कायमची टाकून देणारा प्रकार, व्हीपी८ या व्हिडिओ कोडेकवर, म्हणजे व्हिडिओ आवळायच्या पद्धतीवर, उभा आहे. गूगलने वेबपी २०१० मध्ये आणली. त्यात चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे साठवतात. उजेड प्रत्येक पिक्सेलचा, पण रंग चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकच. डोळ्यांना रंगापेक्षा उजेडातला फरक जास्त कळतो, म्हणून फोटोंमध्ये ही काटकसर सहसा लक्षात येत नाही. पण भडक लाल आणि पानाचा गडद हिरवा यांचा उजेड जवळजवळ सारखाच भरतो. दोघांमधली सीमा फक्त रंगाने धरलेली असते आणि नेमका रंगच पातळ केलेला. काळी रेघ तगते आणि लाल फुटते ती यामुळे. जेपेगमध्येही ही काटकसर चालते, बहुतेक फाइलींत केलेलीही असते, पण तिथे ती बंद करता येते आणि माझ्या जुन्या जेपेग तशाच काढलेल्या होत्या. लॉसी वेबपीत ती बंद करायची सोयच नाही.

हे कळायच्या आधी मी क्वालिटीचा आकडा वाढवत बसले होते. ८०, ९०, ९५, शेवटी १००. फाइल मूळ जेपेगपेक्षा जड झाली तरी रेघ फुटकीच. क्वालिटीच्या आकड्याचा या चौकोनाशी काही संबंध नाही. दोन आठवडे यात गेले, आणि ‘वेबपी नको, जेपेग बरी’ असा मजकूर या लेखासाठी मी तेव्हाच लिहून ठेवला होता.

तो मजकूर पुसला, कारण मध्ये एक गोष्ट घडली.

वेबपीत दुसराही प्रकार आहे, लॉसलेस. नाव एकच असलं तरी आतलं यंत्र पूर्ण वेगळं. रंग आहे तसा साठवतात, एकही पिक्सेल बदलत नाही. पांढऱ्या पाटीवरच्या रेखाचित्रांच्या मूळ पीएनजी माझ्याकडे होत्या. त्यातली एक सीवेबपी या, वेबपी बनवणाऱ्या गूगलच्या कमांडने, लॉसलेस पर्याय देऊन बदलली. अपेक्षा होती की रेघ चांगली येईल आणि फाइल फुगेल. रेघ मुळासारखीच आली आणि फाइल पीएनजीपेक्षा तर लहान होतीच, पण प्लगिनने बनवलेल्या त्या फुटक्या लॉसी वेबपीपेक्षाही लहान निघाली! चुकून दुसरीच फाइल उघडली की काय म्हणून पुन्हा करून पाहिलं. नंतर उलगडलं, मोजके सपाट रंग आणि भरपूर कोरी जागा असेल तिथे लॉसलेसच स्वस्त पडतं. फोटोला मात्र हे लावू नका, फाइल कितीतरी पटींनी जड होते.

म्हणजे इतके दिवस मी फॉरमॅटला बोल लावत होते आणि दोष सरसकट सगळं लॉसीत ढकलणाऱ्या प्लगिनच्या सेटिंगचा होता. त्यात ‘पीएनजीसाठी लॉसलेस’ असा खटका आहे, तिसऱ्या टॅबमध्ये, मुळात बंद ठेवलेला.

फोटोवरच काढलेल्या रेघांचा प्रश्न तरी उरतोच. त्यासाठी सीवेबपीत ‘शार्प वाययूव्ही’ नावाचा पर्याय आहे. रंग पातळ करताना तो कडांचा हिशेब नीट ठेवतो. वेळ जास्त घेतो, पण फरक डोळ्यांना दिसतो. तपकिरीपणा बराच गेला, टोक परत आलं. तरी माझं समाधान झालेलं नाही. आता नव्या आकृत्यांत फोटो वेगळा लॉसी वेबपीत ठेवते आणि रेघा नि नावं एसव्हीजीत, म्हणजे पिक्सेलांऐवजी आकारांच्या मोजमापांनी साठवलेल्या चित्रात, काढून वर बसवते. कितीही मोठं केलं तरी रेघ स्वच्छ राहते, आणि नावात चूक सापडली तर फोटोला हात लावावा लागत नाही. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

फोटोंबद्दल थोडक्यात. आकारात फायदा खरा आहे. त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा लॉसी वेबपी २५ ते ३४ टक्के लहान होते असं गूगल सांगतं आणि माझे फोटो साधारण त्याच पट्ट्यात बसले. अट एकच, रूपांतर मूळ फोटोवरून करा. आधीच आवळलेल्या जेपेगची वेबपी केली तर खराबी दुहेरी होते आणि कधी कधी फाइल वाढतेही. पानाच्या खालची बारीक लव ७५ क्वालिटीला पुसल्यासारखी होते, म्हणून तसे फोटो मी ८८ वर ठेवते. सीवेबपी कलर प्रोफाइल, म्हणजे रंग नेमके कसे दाखवायचे ही फोटोसोबतची माहिती, आपणहून टाकून देते. जांभळी फुलं फिकट दिसू लागली तेव्हा हे कळलं, आता ती माहिती राहावी म्हणून मेटाडेटाच्या पर्यायात आयसीसी लिहिते. आणि प्रोग्रेसिव्ह जेपेगसारखं आधी धूसर, मग स्पष्ट असं वेबपीत होत नाही. मंद नेटवर चित्र वरून खाली भरत येतं, त्यामुळे फाइल लहान असूनही वाट जास्त पाहिल्यासारखी वाटते.

जुन्या ब्राउझरांची भीती आता फारशी नाही. सफारीने २०२० मध्ये चौदाव्या आवृत्तीपासून वेबपी घेतली, बाकीचे मोठे ब्राउझर त्याआधीच आले होते. तरी वेबपी न चालणाऱ्यांसाठी पानाच्या कोडमधल्या पिक्चर टॅगमध्ये एक जेपेग ठेवते. आठातली फक्त १०२४ ची, बाकी नाही.

एव्हिफ, म्हणजे वेबपीहून नवा चित्रप्रकार, वापरून पाहिली. रंग पातळ न करता साठवायची सोय तिथे आहे, लाल रेघ सुंदर येते, फोटोही आणखी लहान होतात. पण बनवायला वेळ फार लागतो, आणि माझ्या सर्व्हरवरच्या चित्रांच्या लायब्ररीला एव्हिफ येत नाही, त्यामुळे प्रत्येक फाइल घरून बनवून चढवावी लागेल. दीड हजार चित्रांसाठी ते मला जमणारं नाही.

पांढऱ्या पाटीवरच्या आकृत्या सगळ्या लॉसलेसमध्ये झाल्या. फोटोवर रेघा असलेल्या बासष्ट उरल्या आहेत, रोज दोन-तीन हातावेगळ्या करते. परागकोशाची पहिली केली. त्या विद्यार्थिनीला दुवा पाठवला, रेघ तंतूवर टेकते.