कडा झाकून आलेला प्लाय उतरवून घेऊ नका, मला 36,670 रुपयांना पडला

लिहू की नको यात आठ दिवस गेले. प्लाय आणि पॉलिशचं काम ज्याला कळतं त्यानेच प्लायमध्ये फसावं, हे सांगायला तोंड होत नाही. पण अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात घरोघरी कपाटं, ट्रॉल्या निघतात आणि हा धंदा तेव्हाच जोरात चालतो. म्हणून लिहितो.

व्यवहार असा. जळगावातल्या एका दुकानातून 19 एमएमचे 8 बाय 4 चे 9 शीट घेतले, आयएस 710, म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारा. 110 रुपये चौरस फुटाने शीट 3,520 चं, नऊ शीटचे 31,680. कटिंगचे शीटमागे 150 प्रमाणे 1,350. मशीनवर कडांना 2 एमएम जाड पीव्हीसी पट्टी, 260 रनिंग फूट, 14 रुपयांनी 3,640. एकूण 36,670. त्यातले 20,000 यूपीआयवर आणि 16,670 माल उतरल्यावर रोख. वरून टेम्पोचे 1,200 वेगळे. बिलाच्या जागी वहीतली चिठ्ठी. "पक्कं बिल घेतलं तर 18 टक्के वाढतील भाऊ, कशाला?" हे वाक्य कानावर पडलं की दुकानातून उठा.

आला तो साधा कमर्शियल, कोरड्या जागेचा. कोअर, म्हणजे आतले थर, पांढरट पॉप्लरचा आणि जाडी 17.2 एमएम. असा माल 62 रुपये फुटाने सहज मिळतो. शीटमागे 1,536, नऊ शीटमागे 13,824 रुपये सरळ उपटले.

आता ज्या क्षणाची चीड जात नाही तो सांगतो. टेम्पोतून पॅनल उतरले तेव्हा प्रत्येकाच्या चारही कडांना पट्टी होती. कपाटाची मागची कड भिंतीला टेकते, तिला कुणी पट्टी लावत नाही. फळीची मागची कड बॅक प्लायला, म्हणजे कपाटाच्या पाठीला लागते, तिलाही लावत नाहीत. ठरलं होतं 260 फूट, म्हणजे फक्त दिसणाऱ्या कडा. बाकीची शेकडो फूट पट्टी त्याने फुकट का लावली? जो माणूस कटिंगचे 150 सोडत नाही, तो पट्टी फुकट वाटेल? उत्तर समोर होतं. प्लायची सगळी कुंडली कडेवर असते, आणि त्याने एकही कड उघडी ठेवली नव्हती.

कडेवर काय दिसतं ते माहीत असलेल्यांनाही पुन्हा सांगतो. चांगल्या मरीनमध्ये कोअरचे थर एकसारख्या जाडीचे, लालसर तपकिरी आणि घट्ट असतात. थरांमधली गोंदाची रेघ गडद, काळपट असते, कारण गोंद फिनॉलचा असतो. कमर्शियलमध्ये युरियाचा गोंद, म्हणून रेघ फिकट. थरांत पोकळी दिसली म्हणजे कोअर गॅप, आणि एक थर दुसऱ्यावर चढलेला असेल तर ओव्हरलॅप. गॅपवर स्क्रू धरत नाही, ओव्हरलॅपवर सनमायका लावला की फुगवटा दिसतो. हे सगळं 0.8 ची असो की 2 एमएमची, एका पट्टीखाली नाहीसं होतं.

मी बघितलं नाही असं नाही. वरचा फेस, म्हणजे पृष्ठभागाचा थर, लाल होता, आयएसआयची खूण होती. पण फेसला लाल रंग देतात, ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं लाल होतं. अख्ख्या शीटच्या कडाही कारखान्यातून रंगवूनच येतात, त्यामुळे दुकानात उभ्या शीटची कड बघून काही कळत नाही. कोपरा 2 इंच कापून मागा. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

वजनावरूनही कळायला हवं होतं. 19 एमएमचं चांगलं हार्डवुड शीट 38 किलोच्या आसपास भरतं. त्या हिशेबाने 7 बाय 2 ची कपाटाची बाजू 16 किलोच्या पुढे जायला हवी. माझी नंतर काट्यावर 11.4 भरली. उतरवताना हलकी लागली होती, पण बाहेर 44 डिग्री ऊन, हमाल घाईत, रोख मागायला माणूस दारात उभा. जाडी मोजायचा व्हर्निअर घरात होता.

पितळ उघडं पडलं ते बिजागरीच्या भोकात. कप बिजागरीला 35 एमएमचं भोक 12 एमएम खोल पाडतात. भुसा पांढरा निघाला आणि ड्रिल मध्येच ढकलल्यासारखा आत गेला. पट्टी सोलून काढली तर खाली तीन ठिकाणी गॅप, एकात बोटाचं नख जाईल एवढा. तुकडा पातेल्यात उकळला. आयएस 710 ला 72 तास उकळून सुटायला नको, हा दोन तासांत पानांसारखा सुटला. पट्टीही 2 एमएम नव्हती, 0.8 होती.

मग चकरा. चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला. एका सरकारी कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा "पक्कं बिल आणा". तिसऱ्यांदा "शिक्का असलेला तुकडा आणा". शिक्क्याचा तुकडा कटिंगमध्ये दुकानातच राहिला होता, तो त्याने देणं शक्य आहे का? उकळलेला तुकडा टेबलावर ठेवला तर म्हणे, हा तुम्हीच उकळला ना? मग कोणी उकळायचा? तपासायला यंत्रणा तुमची, कागद आम्ही आणायचे, आणि ज्याच्याकडे कागद आहेत त्याला कोणी बोलवायचंही नाही! यूपीआयची नोंद, चिठ्ठी, फोटो, सगळं दाखवलं. कुणी हातात धरून वाचलं नाही.

तुम्ही वाचा एवढंच म्हणतो. आयएसआय खुणेखालचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर बीआयएस केअर ॲपवर दुकानात उभं राहूनच टाकून बघा. शिक्क्याचा तुकडा आणि सगळी कतरण घरी आणा. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं.

आणि प्लाय कोराच आणा, कडा घरी करा. कटिंगच्या रेघेवर मास्किंग टेप, 60 दातांच्या पुढचं पातं, म्हणजे फेस फाटत नाही. छोटा गॅप असेल तर लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा, वाळल्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठोकळ्याला लावून घासा. 18-19 एमएमच्या प्लायला 22 एमएम रुंदीची पट्टी. पट्टीला पांढरा फेव्हिकॉल नाही, दोन्ही बाजूंना लावून दाबायचा कॉन्टॅक्ट गोंद. कड गोंद पिते, म्हणून कडेला दोन हात, पट्टीला एक. बोटाला चिकटेना झालं की दाबा. डब्यावर 10-15 मिनिटं लिहिलेली असतात, आपल्याकडे मे महिन्यात 4-5 मिनिटांतच वाळतो, एका वेळी एकच कड करा. कडेचा जास्तीचा भाग दुसऱ्या दिवशी कापा, धार पट्टीकडून प्लायकडे.

पॉलिश करायचं असेल तर पीव्हीसी नको, 6 एमएमची सागाची पट्टी लावा, मास्किंग टेपने आवळा आणि दुसऱ्या दिवशी रंधा. मग सीलरचे दोन हात, मध्ये 320 चा पेपर. श्रावणात दमट हवेत मेलामाइन पॉलिश मारू नका, पांढरं पडतं. सिंकखालच्या शटरची बिजागरीची भोकं सीलरने आतून भिजवा, प्लाय कितीही चांगला असला तरी.

बिलावर एवढं लिहून घ्या, अक्षरशः: "आयएस 710, 19 एमएम, सीएम/एल नंबर अमुक, पट्टी 2 एमएम, कडा उघड्या देणे." हे लिहायला जो तयार नाही त्याला रुपयाही ॲडव्हान्स देऊ नका.