कुत्र्याचा शाम्पू, आठ महिन्यांनंतर: केस त्याचे मऊ, कातडी माझी सोलली

लिटरची पंपवाली बाटली, एकावर एक फुकट. कोरफड, कडुलिंब, 'सौम्य' वगैरे तुम्ही वाचलंच असेल. पहिले चार महिने मी सोसायटीतल्या सगळ्या कुत्रेवाल्यांच्या मागे लागले होते, हाच घ्या म्हणून. एरवी लिफ्टमध्ये कोपरा धरणाऱ्या शेजारच्या काकूही बंड्याच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

पाचव्या महिन्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग बारीक पाण्याचे फोड, मग मनगटापर्यंत चट्टे. बंड्याची आंघोळ रविवारी, खाज मंगळवारी, त्यामुळे शाम्पूवर संशयच गेला नाही. भांड्यांचा साबण बदलला, बंड्याला गोचिडांसाठी दोनदा तपासून आणलं. पैसे गेले, खाज तिथंच.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी कशाची अ‍ॅलर्जी आहे ते शोधायला पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या, प्रत्येक चौकोनात एकेक पदार्थ. 48 तास पाठीला पाणी नाही, आणि हे ऐन मे महिन्यात! एक चौकोन लालभडक उठला: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. शाम्पू नासू नये म्हणून घालतात. ही अ‍ॅलर्जी महिनोन्‌महिने वापरल्यावरही जडू शकते, आणि हात लागल्यावर दिवसा-दोन दिवसांनी उठते. युरोपात माणसांच्या क्रीममध्ये हे 2017 पासून बंद आहे, धुऊन टाकायच्या शाम्पूत 0.0015 टक्क्यांपर्यंतच चालतं. कुत्र्याचा शाम्पू मात्र माणसांच्या कॉस्मेटिकच्या या नियमात येतच नाही.

असू दे. माझा खरा राग त्या किमतीच्या स्टिकरवर आहे. घटकांची यादी बरोबर त्याच्याखाली! पाण्यात भिजवलं, नखाने खरवडलं, खोबरेल तेल चोळलं, तेव्हा कुठे ते नाव अर्धं दिसलं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, "मॅडम, हे प्रॉडक्ट माणसांसाठी नाहीये." मग आंघोळ कोण घालतं? बंड्या स्वतः पाठ चोळतो?

आधी एकच स्टार देणार होते, पण दोन देते. बंड्याला काहीही झालेलं नाही, आणि आता नवरा कोपरापर्यंत हातमोजे घालून त्याला आंघोळ घालतो. हे सुख मला लग्नानंतर नऊ वर्षांनी मिळालं. पहिली बाटली संपली म्हणून काल फुकटातली काढली. तिच्यावरचं स्टिकर नीट झाकणाजवळ चिकटवलेलं, यादी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत स्वच्छ वाचता येते. आठ महिने कपाटातच होती.