न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया: गाडीचा विमा कायद्यापुरता घ्यावा की पुरेसा?

माझा भाचा डॅलसजवळ फ्रिस्कोला नोकरीला लागला आणि पंधरा दिवसांत त्याने जुनी कोरोला घेतली. संध्याकाळी फोन: "मावशी, एका एजंटचा हप्ता सगळ्यांत कमी आहे, त्याचाच विमा घेतो." मी त्याला पॉलिसीचं पहिलं पान, म्हणजे डिक्लेरेशन पेज, पाठवायला सांगितलं. त्यावर 30/60/25 असं लिहिलेलं होतं. पीआयपी, म्हणजे चूक कोणाचीही असली तरी तुमच्या औषधोपचाराचा खर्च देणारं संरक्षण, नाकारलं. अनइन्शुअर्ड मोटरिस्ट, म्हणजे विमा नसलेल्याने धडक दिली तर उपयोगी पडणारं संरक्षण, तेही नाकारलं. आणि दोन्हींखाली त्याचीच सही. सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद कधी येऊन गेला, हे त्याला कळलंही नव्हतं.

हे तीन आकडे हजार डॉलरमध्ये असतात. पहिला आकडा समोरच्या एका माणसाच्या इजेसाठी, दुसरा एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून आणि तिसरा समोरच्याच्या गाडीच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीसाठी. तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी यात एक डॉलरही नाही. आपली माणसं फसतात ती इथेच. भारतात थर्ड पार्टी विम्यात माणसाच्या मृत्यूला किंवा इजेला रकमेची मर्यादा नसते, त्यामुळे 'थर्ड पार्टी आहे ना, मग झालं' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत मर्यादेच्या वरची रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते.

टेक्ससची किमान मर्यादा 30/60/25. ज्याची चूक, त्याने भरायचं, असा तिथला नियम. पीआयपी कंपनीने देऊ करावंच लागतं. नको असेल तर तसं लेखी द्यावं लागतं. भाच्याने नकळत तेच दिलं होतं.

कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षं 15/30/5 चालत होतं. 1 जानेवारी 2025 पासून ते 30/60/15 झालं. नवा पिकअप ट्रक 50 हजारांच्या पुढे सहज जातो, तेव्हा शेवटचा 15 चा आकडा मला अजूनही तोकडाच वाटतो. पण नव्याने आलेल्यांसाठी तिथे एक मोठी सोय आहे: हप्ता ठरवताना क्रेडिट स्कोअर बघायला बंदी आहे. न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये तो बघतात. वर्षाला किती मैल गाडी चालवता यालाही कॅलिफोर्नियात फार महत्त्व आहे, म्हणून घरून काम करणाऱ्यांनी खरे मैल सांगावेत.

न्यू जर्सीचं प्रकरण सगळ्यांत गुंतागुंतीचं. 1 जानेवारी 2026 पासून नव्या आणि नूतनीकरण होणाऱ्या स्टँडर्ड पॉलिसीला किमान 35/70/25 लागतं, शिवाय पीआयपी सक्तीचं. पण त्याच कायद्यात 'बेसिक' नावाची स्वस्त पॉलिसीही बसते. तिच्यात समोरच्याच्या मालमत्तेसाठी फक्त 5 हजार आणि इजेसाठी मुळात काहीच नाही. मागितलं तर 10 हजार. घर, बचत, नोकरी असलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये, हे मी अगदी ठामपणे सांगते. 'लॉसूट लिमिटेशन' हा पर्यायही तिथे असतो. तो निवडला की हप्ता बराच उतरतो, पण कायद्यात नमूद केलेली गंभीर दुखापत नसेल तर वेदना-यातनांबद्दल दावा लावता येत नाही. हा पर्याय घ्यायचाच असेल, तर काय सोडतोय हे समजून घ्या.

मग पैसे वाचवायचे कुठे? स्वतःच्या गाडीच्या भागात. कोलिजन म्हणजे धडकेत झालेलं आपल्या गाडीचं नुकसान. काँप्रिहेन्सिव्ह म्हणजे चोरी, गारा, पूर. हरीण आडवं आलं तर तेही यातच. कर्जावर किंवा लीजवर गाडी असेल तर दोन्ही घ्यावीच लागतात. गाडी जुनी आणि पूर्ण आपली असेल, तर या दोन्हींचा वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीच्या दहा टक्क्यांवर गेला की आधी कोलिजन सोडायचा विचार करावा. डिडक्टिबल, म्हणजे दाव्यात आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, 500 वरून 1,000 केलं तरी हप्ता उतरतो, पण ते हजार डॉलर बँकेत बाजूला हवेत.

लायबिलिटीच्या, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीच्या त्या तीन आकड्यांच्या, मर्यादेला मात्र कात्री लावू नका. ती तिप्पट केली म्हणून हप्ता तिप्पट होत नाही. तीन-चार ठिकाणी विचारा, पण प्रत्येकाला तेच आकडे आणि तेच डिडक्टिबल सांगून. नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. आणि दोन-तीन महिने भारतात जाताना पॉलिसी सरळ बंद करू नका. मध्ये खंड पडला की पुढचा हप्ता चढतो. गाडी उभी राहणार असेल तर काय कमी करता येईल, हे कंपनीलाच विचारा.

भाच्याने शेवटी 100/300/100 घेतलं, नाकारलेली दोन्ही संरक्षणं परत घेतली आणि कोलिजन काढून टाकलं. काँप्रिहेन्सिव्ह ठेवलं, कारण डॅलसकडे वसंतात गारा पडतात आणि त्याची गाडी उघड्यावर उभी असते. हप्ता त्या पहिल्या कोटेशनपेक्षा थोडा जास्त आला.