मायकेल स्वान यांचे ‘प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज’: घरात असावा असा संदर्भग्रंथ

ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 1980 साली प्रथम प्रकाशित केलेला हा ग्रंथ सलग वाचण्यासाठी नसून, लिहिताना एखाद्या शब्दापाशी अडल्यावर उघडण्यासाठी आहे. नियम थोडक्यात सांगून योग्य वाक्याच्या जोडीला नेहमी होणारी चूकही दाखवण्याची त्याची पद्धत मला विशेष मोलाची वाटते.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांचेच पाहा. ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’ या दोहोंसाठी मराठीत एकच ‘पासून’ असल्यामुळे आपण सहज ‘सिन्स थ्री डेज’ लिहून जातो. इंग्रजीत मात्र आरंभबिंदूला ‘सिन्स’ आणि कालावधीला ‘फॉर’ लागते. ‘तिच्याशी लग्न केले’ यातला ‘शी’ही असाच ‘मॅरीड विथ हर’ असा उतरतो, जिथे ‘मॅरीड हर’ एवढेच पुरते. मराठीचा उल्लेख या ग्रंथात अर्थातच नाही, ही सांगड आपली आपणच घालायची. पण ती एकदा जमली की चूक पुन्हा होत नाही, हा माझा अनुभव आहे.

2016 च्या चौथ्या आवृत्तीत व्याकरण विषयवार मांडले असून शब्दविषयक नोंदी स्वतंत्र, अकारविल्हे दिल्या आहेत. जुन्या आवृत्त्यांत सर्वच नोंदी अकारविल्हे असल्याने त्या हाताळलेल्यांना सुरुवातीला थोडे चाचपडावे लागेल. वाक्प्रचारांचा कोश म्हणून मात्र तो घेऊ नये. त्यासाठी वेगळे पुस्तक हवे. समजावणी संपूर्ण इंग्रजीत असल्याने अगदी नवशिक्यांना तो जड जाईल; दहावी-बारावीपुढील विद्यार्थी, शिक्षक आणि अनुवादक यांनी तो अवश्य घ्यावा.