हौद्याखालच्या टूलबॉक्समध्ये आम्हाला असं गंडवलं

सपाट हौद्याच्या पिकअपवर झोपायची केबिन चढवली, की वरची जागा गादीत आणि ओट्यातच संपते. जॅक, पाने, दोरखंड, पाण्याचे कॅन, तांदूळ-डाळ हे सगळं मग हौद्याखाली, चेसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) दोन्ही बाजूंना लटकवलेल्या टूलबॉक्समध्ये जातं. बेळगावहून गोव्याकडे जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना पावसाळ्यात पाणी वरून जेवढं येतं, त्याहून जोरात चाकाखालून येतं. त्या पाण्यात टिकतील अशा पेट्या मी आणि दाजींनी बनवून घ्यायच्या ठरवल्या, आणि नेमकी त्याच कामात आम्हाला टोपी घालण्यात आली. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याची पद्धत जशीच्या तशी लिहितो, कारण ती आणखी कुणावर वापरली जाणारच.

आम्ही बेळगावचे, दुकान सीमेपलीकडे महाराष्ट्रात, महामार्गालगत. चार पेट्या ठरल्या. तीन साध्या लोखंडी, १६ गेज पत्र्याच्या (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ), पावडर कोटिंग केलेल्या. चौथी ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, स्वयंपाकाच्या सामानासाठी. एकूण ₹ ४६,०००, त्यातले अर्ध्याहून जास्त आगाऊ. मालक बोलायला गोड. "काळजी सोडा हो काका, दहा वर्षं हात लावायला लागणार नाही," म्हणत त्यानं हातात पत्र्याचा एक तुकडा ठेवला. चांगला जाड, वजनदार. तो खरोखरच १६ गेजचा होता, यात शंका नाही. फक्त तसला पत्रा आमच्या पेट्यांत कुठेच गेला नाही. मग त्यानं स्टीलच्या पत्र्याला चुंबक लावून दाखवलं. चुंबक घसरलं. "बघा, ३०४!"

हे चुंबकाचं नाटक आपल्याकडे भांड्यांच्या दुकानापासून रेलिंगवाल्यांपर्यंत सगळे करतात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील ४०० च्या, म्हणजे चुंबक धरणाऱ्या जातीतलं नाही, एवढंच कळतं. स्वस्तातलं २०२ आणि ३०४ या दोन्हींना सपाट पत्र्यावर चुंबक जवळपास धरतच नाही. फरक आहे तो निकेलचा. ३०४ मध्ये ते ८ टक्क्यांच्या वर असतं. २०२ मध्ये ४ ते ६ टक्के, आणि उरलेली भर मँगनीजची. म्हणून २०२ स्वस्त पडतं आणि चिखलपाण्यात लवकर तांबूस डाग धरतं. ओळखायचं तर बाजारात टेस्टिंगचं द्रावण मिळतं. थेंब टाकायचा, ९ व्होल्टची बॅटरी काही सेकंद लावायची; २०० च्या जातीचं स्टील असेल तर थेंब लालसर होतो. आमचा झाला. अर्थात पैसे देऊन झाल्यावर.

"गाडी ठेवून जा, बसवूनच देतो," हे त्याचं पुढचं वाक्य. या एका वाक्यात सगळी मेख आहे. पेटी रंगवून, गाडीखाली बसवून तुमच्या ताब्यात आली, की तिची मागची आणि वरची बाजू तुम्हाला दिसत नाही. दिसतं ते फक्त दार. आणि दार त्यानं फारच झकास केलं होतं. काळं, चकचकीत, टी-हँडल कुलूप, ठोकलं तर भरीव आवाज. दाराची कड चिमटीत धरली तरी दणकट लागायची, कारण कडेला पत्रा दुमडून दुहेरी केलेला होता. पातळ पत्रा जाड भासवायची ही जुनी युक्ती. दुमड सगळेच करतात, त्यात गैर काही नाही, पण जाडी तिथे मोजायची नसते.

चोर्ल्याहून साखळीला उतरेपर्यंत पाऊस चांगलाच लागला होता. चहाला थांबलो, दाजींनी डावीकडचं हँडल फिरवलं, तर दाराबरोबर पाणीच बाहेर आलं. तांदळाची पिशवी फुगलेली, पान्यांवर चॉकलेटी पाणी. कोपऱ्यात बोट फिरवलं तर पांढरट तुकडा निघून हातात आला. ती लांबी होती. गाडीचे पोचे बुजवायला गॅरेजवाले भरतात तीच. पूर्ण शिवण वेल्डिंग करायच्या ऐवजी त्यानं वीतवीतभर अंतरावर टाके मारले होते, मधल्या फटीत लांबी भरली होती आणि वरून काळा रंग. तोही भट्टीतला पावडर कोट नव्हे, साधा स्प्रे. ओल्या फडक्याला काळं लागत होतं. गाडीच्या हादऱ्यानं लांबी सुटली आणि मागच्या चाकानं उडवलेलं पाणी थेट आत.

परत आल्यावर बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे गाडी नेली. त्यानं मागच्या बाजूचा रंग खरवडून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. ०.९ मिलिमीटर. १६ गेज म्हणजे साधारण १.६. आम्हाला २० गेजचा पत्रा मिळाला होता, जवळजवळ निम्म्या जाडीचा. मग त्यानं वजनकाट्याचा हिशेब सांगितला, तो मात्र प्रत्येकानं लिहून ठेवावा. लोखंडी पत्रा एक मिलिमीटर जाड आणि एक चौरस मीटर असेल तर वजन ७.८५ किलो. तीन फूट लांब, दीड फूट उंच, दीड फूट खोल पेटीला सगळ्या बाजू धरून सुमारे २.१ चौरस मीटर पत्रा लागतो. १.६ मिलिमीटरनं नुसत्या पत्र्याचंच वजन सव्वीस किलोच्या घरात जातं. बिजागरी, कुलूप, दुमड वेगळी. आमची पेटी लांबीसकट सतरा किलोची भरली. रंग कितीही जाड मारला तरी काटा फसत नाही.

इथवर पैशांचं नुकसान होतं. पुढचं बघून त्या फॅब्रिकेटरनं कपाळाला हात लावला. पेट्या पातळ पट्टीवर लटकवल्या होत्या आणि त्या पट्ट्या चेसिसच्या खालच्या ओठाला (तळाच्या आडव्या कडेला) सरळ वेल्ड केल्या होत्या. चेसिसवर सगळ्यात जास्त ताण याच ओठावर येतो. तिथे वेल्डिंग केलं की भेगेला जागा करून दिली. ब्रॅकेट बसतात ते चेसिसच्या उभ्या भागावर किंवा क्रॉस मेंबरला (आडव्या दांड्याला), बोल्टनं. शिवाय मागची पेटी टायरला इतकी खेटून होती, की भरल्या गाडीत स्प्रिंगचे पाटे दबले असते तर टायर घासलाच असता. आणि कहर म्हणजे, चारही पेट्यांत एकच पेटी त्यानं सिलिकॉन मारून हवाबंद केली होती, ती गॅसच्या टाकीची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तळाला साचतो. त्या पेटीच्या बुडाला भोकं हवीतच. जिथे पाणी अडवायचं तिथे फटी, आणि जिथे हवा खेळायला हवी तिथे सील!

फोन केला तर आवाज एकदम बदललेला. "पाणी येणारच की, गाडीखालची पेटी आहे." मग आमची केए २२ ची पाटी आठवली असावी त्याला: "तुम्ही कर्नाटकवाले, केस करायची तर इकडे येऊन करा." बऱ्याच जणांचं अवसान इथेच गळतं. पण ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या राज्यात असलं तरी. वस्तू धंद्यासाठी नव्हे, स्वतःच्या वापरासाठी घेतलेली असली पाहिजे, एवढं बघा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून नोंद करता येते.

आमची अडचण पावतीची. 'एस्टिमेट' असं वर छापलेला कागद, त्यावर "४ बॉक्स" आणि आकडा, बस्स. गेज नाही, ३०४ नाही. खाली जीएसटी क्रमांक होता, पण सुरुवात २९ नं. २९ कर्नाटकाचा, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं सुरू व्हायला हवा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला तर भलत्याच धंद्याच्या नावानं, तोही रद्द झालेला. हे पाहायला दोन मिनिटं लागतात, आगाऊ रक्कम देण्याआधीच पाहा. आम्हाला तारलं ते व्हॉट्सअ‍ॅपनं. "१६ गेज, ३०४, फुल वेल्डिंग" हे त्यानं स्वतः टाइप केलेलं होतं आणि पैसे यूपीआयनं गेले होते. त्याचे स्क्रीनशॉट, व्हर्नियर लावलेला फोटो आणि काट्याची चिठ्ठी तक्रारीला जोडली आहे.

नव्या पेट्या उद्यमबागेतच होतायत. रंगाला जायच्या आधी उघड्या पत्र्यावर वजन, आत विजेरी ठेवून दार लावून अंधारात बाहेरून पाहणी, मग वॉशिंगच्या पाइपनं पाणी, असं ठरवून घेतलंय. उरलेले पैसे त्यानंतर. फॅब्रिकेटरला त्याचं काहीच वाटलं नाही. जुन्या दुकानदाराचा मध्ये निरोप आला होता, निम्मे पैसे घ्या आणि मिटवा. दाजींचं म्हणणं घेऊन टाकावेत. मला चेसिसचा ओठ घासून दुरुस्त करायचा खर्चही त्यात हवाय, त्यामुळे अजून होय म्हटलेलं नाही.